चोवीसपट लहान

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की माळ्यावरचा पत्र्याचा पेटारा खाली उतरवायचा, त्यातल्या मातीच्या मूर्ती फडक्याने पुसायच्या, गेल्या वर्षी कान तुटलेल्या मेंढराला डिंक लावायचा आणि बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात गोठा उभारायचा, हा आमच्या घरचा परिपाठ बहुतेक वाचकांच्या घरचाही असेल. गेल्या नाताळात ह्या कोपऱ्यात एक ट्रक येऊन उभा राहिला. तो तेथे कसा आला, आणि त्याच्या निमित्ताने उठलेल्या एका प्रश्नाने आम्हां उभयतांना किती दिवस छळले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. प्रश्न वरवर पाहता अगदी लहान आहे. खेळण्यासारख्या दिसणाऱ्या एका वस्तूवर मोठ्या माणसाने आपल्या आयुष्यातले शेकडो तास घालवावेत काय? आणि घातलेच, तर त्या वस्तूने खरे किती बोलावे?

आमच्या थोरल्या बहिणीचे घर नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, सत्तावीस वर्षे ट्रक चालवीत होते. जुन्नर आणि आंबेगाव ह्या तालुक्यांत राहणाऱ्यास ह्या धंद्याची ओळख करून द्यावी लागत नाही. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, मंचरचा भाजीपाला, विघ्नहर आणि भीमाशंकर ह्या सहकारी कारखान्यांची साखर, सारे काही चाकांवरूनच बाहेर जाते. पुण्याहून नाशिकला जाणारा आणि कल्याणहून अहिल्यानगरला जाणारा, असे दोन हमरस्ते आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. तसे पाहिले तर ओझे वाहणे हा ह्या मातीचा दोन हजार वर्षांचा व्यवसाय. सातवाहनांच्या काळी कोकणातला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. राणी नागनिकेचा शिलालेख तेथल्या लेण्यात आहे. बैलांच्या पाठीवर माल लादून तो घाट चढणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव मात्र कोठे कोरलेले नाही.

दाजींचा मुलगा बावीस वर्षांचा. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेऊन तो चाकणच्या एका कारखान्यात लागला. पाळी संपवून घरी आला की दोन घास खाऊन तो मागच्या पडवीत बसे आणि रात्री बाराएक वाजेपर्यंत तेथला दिवा मालवत नसे. अकरा महिने हा क्रम चालला. दाजींचे गुडघे गेले, त्यांनी स्टिअरिंग सोडले आणि त्याच सुमारास मालकाने तो जुना सहाचाकी ट्रक भंगारात काढला. भंगारवाल्याच्या आवारात तो उभा होता त्या चार दिवसांत हा मुलगा टेप, वही आणि फोनचा कॅमेरा घेऊन तेथे गेला व त्याने गाडीची इंचन् इंच मापे उतरवून आणली. त्या मापांवरून तो वडिलांच्या ट्रकाची हुबेहूब प्रतिकृती करीत होता.

ह्या छंदाची रीत आम्ही त्याच्याकडूनच शिकलो. प्रमाण आधी ठरवायचे. त्याने एकास चोवीस धरले होते. म्हणजे पंचवीस फुटांचा ट्रक साडेबारा इंचांत बसवायचा. प्रत्येक माप चोवीसने भागून चौकटीच्या कागदावर काढायचे, त्याचे पुठ्ठ्याचे साचे कापायचे आणि मग ते सनबोर्डाच्या तक्त्यावर ठेवून धारदार कटरने तुकडे काढायचे. सांगाडा प्रथम, त्यावर कमानपाटे, आस, चाके, मग केबिन आणि सर्वांत शेवटी हौदा व फाळका. चाकांसाठी जुन्या रबरी चपलांचे तळवे, आसांसाठी मोडक्या छत्रीच्या काड्या, आरशांच्या कडांसाठी शीतपेयाच्या डब्याचा पत्रा, ताडपत्रीसाठी आक्काच्या फाटक्या रेनकोटाचा तुकडा. सांधे एमसीलने भरायचे, पॉलिश पेपरने घासायचे, अस्तराचा हात द्यायचा, पुन्हा घासायचे. एका पाट्यात सात पट्ट्या असतील तर सातच लावायच्या, जरी त्या गाडी उलटी केल्याशिवाय कोणाच्या दृष्टीस पडणार नसल्या तरी. हे सारे पाहताना आम्हांस कौतुक वाटले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पण कौतुकाबरोबर अस्वस्थताही होती.

ती अस्वस्थता आक्काने बोलून दाखविली. "तुम्ही दोघं शिकलेली माणसं, जरा त्याला समजवा," ती म्हणाली. "एवढ्या रात्रींत एखादा कोर्स झाला असता. बावीस वर्षांचा घोडा झालाय आणि खेळण्यातली गाडी करत बसलाय." आम्ही तत्परतेने समजावले. वेळेचे मोल, परमेश्वराने दिलेल्या गुणांचा हिशेब, घरची परिस्थिती, ह्यांवर आम्ही अर्धा तास बोललो. त्याने खाली मान घालून सर्व ऐकून घेतले. शेवटी एवढेच म्हणाला, "मामा, मामी, तुमचं खरं आहे. पण हे अर्धवट सोडवत नाही." घरी परतताना आमच्या दोघांच्याही मनात तेच वाक्य घोळत होते. अर्धवट सोडवत नाही, असे म्हणण्याजोगे आपण गेल्या कित्येक वर्षांत काय केले, ह्याचे उत्तर आम्हांस देता येईना.

उपदेश करून झाल्यावर विचार करण्याची मनुष्यस्वभावाची उलटी रीत आहे, आणि आम्हीही त्याला अपवाद नाही. खेळ हा मोठ्या माणसाला शोभतो काय, ह्या प्रश्नाला तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी आपल्या महाग्रंथात चक्क स्वतंत्र जागा दिली आहे. शरीर थकते तसे मनही थकते. शरीराला विश्रांती हवी तशी मनालाही हवी, आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, असे ते म्हणतात. त्या ठिकाणी त्यांनी शुभवर्तमानकार संत योहान ह्यांची एक जुनी आख्यायिका सांगितली आहे. वृद्ध योहान शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून कोणाला तरी ते खटकले. तेव्हा योहानांनी त्या माणसाच्या हातातल्या धनुष्याकडे बोट दाखवून त्याला बाण सोडायला सांगितले. मग आणखी एक, मग आणखी एक. "असेच सारखे सोडत राहशील काय?" असे विचारल्यावर तो म्हणाला, की सतत ताणले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे संतांनी त्याला सांगितले. अक्विनास इतक्यावर थांबत नाहीत. योग्य प्रकारे खेळणे हा सद्‌गुण आहे, असे ते अॅरिस्टॉटलच्या आधाराने म्हणतात. आणि ज्याला खेळ मुळीच सोसत नाही, जो दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यात ते दोष पाहतात. हे वाचताना आमचा तो अर्ध्या तासाचा उपदेश आम्हांस आठवला, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय लहान गाडी करणे हा कोणा एका मुलाचा चाळा नाही. १९७४ साली शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, एका शेतकऱ्याला जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून तो हाकणारा माणूस त्यावर उभा आहे. ही शिल्पे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ती पूजेची होती की मिरवण्याची, ह्याविषयी मते भिन्न आहेत. पण आपल्या रस्त्यावरचे वाहन आणि ते हाकणारा ह्यांना लहान करून जवळ ठेवावे, ही ओढ आपल्या दख्खनच्या पठारावर चार हजार वर्षे जुनी आहे एवढे तरी त्यावरून नक्की कळते. पोळ्याचे मातीचे बैल, सावंतवाडीची लाकडी खेळणी, तार वळवून आणि चपलेची चाके लावून केलेल्या आपल्या लहानपणीच्या गाड्या, हा सारा त्याच ओढीचा वंश. इंग्लंडमध्ये १९५२ च्या सुमारास जॅक ओडेल नावाच्या एका कारागिराच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. तिच्यासाठी त्याने पितळेचा एक इवलासा रोड-रोलर केला आणि त्यातून काडेपेटीच्या नावानेच जगभर गेलेल्या छोट्या गाड्यांचा जन्म झाला. तेथे बापाने लेकीसाठी केले. येथे लेक बापाची गाडी करीत होता.

तथापि खेळाला मोकळे रान अक्विनासही देत नाहीत. त्यांनी तीन कुंपणे घातली आहेत. खेळातला आनंद अशोभनीय वा दुसऱ्याला इजा करणारा नसावा. खेळाच्या नादात मनाचा तोल सुटू नये. आणि खेळ हा माणूस, वेळ व स्थळ ह्यांना साजेसा असावा. आम्ही ही तीनही मापे घेऊन पुन्हा पडवीत गेलो. पहिल्याविषयी प्रश्नच नव्हता. दुसऱ्याविषयी आम्ही त्याला सरळ विचारले, की ह्यावर पैसे किती गेले? त्याने वहीचे शेवटचे पान उघडून दाखविले. अकरा महिन्यांचा खर्च तेथे पैशापैशाने मांडलेला होता, आणि तो आपल्याकडे एका साखरपुड्यात फटाक्यांवर उडतो त्याहून कमी होता. पगारातला ठरलेला हिस्सा आईच्या हातात पडत होता. रविवारची मिस्सा चुकत नव्हती. तिसऱ्या मापाविषयी मात्र आम्ही अडखळलो. ज्या घरात बापाच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवायचे आहेत, त्या घरात रात्रीच्या तीन तासांचे मोल वेगळे असते. ह्यावर मुलाचे उत्तर आमच्यापेक्षा सरळ होते. "महिन्यात जेवढे ओव्हरटाइम मिळतात तेवढे मी घेतो, मामा. ह्या वेळात दुसरं काम मिळत असतं तर हा वेळ त्याचाच होता." येथे एक गोष्ट नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हाच छंद दुसऱ्या घरात पाप ठरू शकेल. जेथे महागड्या परदेशी ट्रकांच्या संचांपायी मुलांची फी थकते, जेथे बायको बोलायला येते तेव्हा नवरा हातातल्या चाकावरून नजर उचलत नाही, तेथे वस्तू तीच असली तरी तिचे मोल पालटते. छंदाचे पापपुण्य छंदात नसते. तो कोणाच्या ताटातले उचलून घेतो, ह्यात असते.

एवढ्यावर आमचे समाधान झाले असते आणि हा लेखही लिहिला गेला नसता. परंतु खरा प्रश्न पुढेच होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रक पुरा झाला. आक्काने आम्हांस जेवायला बोलाविले. मुलाने टेबलावर जुनी चादर अंथरून त्यावर गाडी मांडली. काय सांगावी तिची शोभा! तांबडा भडक रंग, आरशासारखी चकाकी, केबिनच्या कपाळावर रेडियमची नक्षी, दोन्ही बाजूंना गोंडे, चार कर्णे, चकाकत्या चाकटोप्या. कळ दाबली की पुढचे दिवे लागत. मूळ ट्रकाला एवढे काही नव्हते हे आम्हांस ठाऊक होते. "थोडा सजवलाय," तो संकोचाने म्हणाला. "बाबांना नेहमी वाटायचं, आपली स्वतःची गाडी असती तर अशी सजवली असती."

दाजी खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात टेकीत वाकले आणि त्यांनी गाडीभोवती एक सबंध फेरी मारली, जशी ते निघण्यापूर्वी खऱ्या गाडीभोवती मारीत असत. मग क्लीनरच्या बाजूला थांबून त्यांनी दाराखाली बोट ठेवले.

"हितला पोचा कुठं गेला रं?"

"तो काढला मी, बाबा. चांगला दिसत नव्हता."

दाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या पोच्यामुळं एक माणूस जित्ता हाय."

आणि सत्तावीस वर्षांत घरात कधी न सांगितलेली हकीकत त्यांनी त्या दिवशी सांगितली. पावसाळ्यातली रात्र, माळशेज घाट, हात पुढे केला तर बोटे दिसू नयेत असे धुके. दिव्यांच्या उजेडात एकाएकी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध दिसला. ब्रेक दाबून गाडी थांबण्याजोगे अंतर उरले नव्हते. त्यांनी गाडी डोंगराच्या कड्यावर घातली. दाराखालचा पत्रा आत गेला, डावा दिवा फुटला, क्लीनरच्या कपाळाला खोक पडली. म्हातारा काठी टेकीत धुक्यात निघून गेला. आपण वाचलो हे त्याला कळले तरी की नाही, देव जाणे. पुढे मालकाने दिव्याचे आणि उशीर झालेल्या मालाचे पैसे पगारातून कापले. पोचा काढण्यावर खर्च करण्याचे मात्र त्याला कारण दिसले नाही, म्हणून तो राहिला. "रोज गाडीत चढायच्या आधी मी त्याच्यावर हात फिरवायचो," दाजी म्हणाले. "तेवढीच प्रार्थना."

ताटे वाढून ठेवली होती, पण कोणाचा हात पुढे होईना.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही उभयता ह्यावर पुष्कळ बोललो. मुलाची चूक झाली काय? सजावट हा काही गुन्हा नव्हे. आपल्याकडच्या ट्रकाचा तर तो जन्मसिद्ध हक्क आहे. १९५४ साली जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला. १९६९ मध्ये तो करार संपला आणि नाकावरच्या त्रिकोणी ताऱ्याची जागा टाटांच्या खुणेने घेतली. पण त्या काळात आणि पुढेही कित्येक वर्षे आपला ट्रक कारखान्यातून पुरा होऊन येतच नसे. इंजिन आणि सांगाडा तेवढा येई. केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले सुतार-लोहार लाकडापत्र्याने घडवीत आणि पेंटर त्यावर कमळे, मोर, देवादिकांची नावे, लेकरांची नावे आणि शायरी रंगवीत. म्हणून एका साच्यातून निघालेले दोन ट्रक आपल्या रस्त्यावर कधी जुळे दिसले नाहीत. मागच्या फाळक्यावरची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे तर इतकी रूढ, की २०१५ साली राज्याच्या परिवहन खात्याला ती लिहिण्यावर बंदी घालणारा आदेश काढावा लागला. दुसऱ्याचे ओझे दुसऱ्याच्या गाडीतून वाहणाऱ्या माणसाला 'हे माझे' असे म्हणायला रंगाखेरीज दुसरे काही हाताशी नव्हते. तेव्हा मुलाने गोंडे लावले, कर्णे लावले, ह्यात त्याने वडिलांची एक अपुरी इच्छा पुरी केली. ते खोटे नव्हते. ती इच्छा खरी होती.

पोचा काढणे ही गोष्ट मात्र निराळी. जे नव्हते ते प्रेमाने घालणे आणि जे होते ते लाजेने पुसणे, ह्या दोन कृती बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हींना आपण सजावटच म्हणतो. पण पहिलीने आपण त्या माणसाला काही देतो, दुसरीने त्याच्याकडून काही काढून घेतो, आणि ते काय आहे हे न विचारताच काढून घेतो. मूळ वस्तू समोर असेपर्यंत ह्याने फारसे बिघडत नाही. वस्तू नाहीशी झाली की प्रतिकृती ही साक्षीदार होते, आणि साक्षीदारावर शपथेचे बंधन असते. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. तेथून उठलेल्या एखाद्या म्हाताऱ्यापुढे कोणी त्या गावाची छोटी प्रतिकृती ठेवली आणि तिच्यातली घरे एका रांगेत, भिंती पांढऱ्याशुभ्र, गल्ल्या रुंद केल्या, तर तो काय म्हणेल? आमचे गाव हे नव्हे, असेच म्हणेल. त्याला हवी असेल ती वाकडी गल्ली आणि तिच्यातला तो खळगा.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुलगा केस वाळवायचे यंत्र आणि एक चमचा घेऊन बसला होता. सनबोर्डाला ऊब देऊन तो मऊ करायचा आणि चमच्याच्या पाठीने हलकेच आत दाबायचा. अकरा महिन्यांची चकाकी अशी हाताने बिघडविणे सोपे नव्हे. त्याने आधी तीन तुकड्यांवर सराव केला होता. शेजारी दाजी बसून सांगत होते, "आणखी थोडा खाली. हां. वरची कड जरा फाटली होती." बापलेकांचे इतके संभाषण त्या घरात आम्ही पूर्वी ऐकले नव्हते. केबिनच्या आत सीट बसविताना मुलाने विचारले होते, "बाबा, तुम्ही झोपायचात कुठं?" आणि दाजींनी सीटमागची फळी दाखविली होती, जिच्यावर पाय लांब करता येत नसत. ज्या गाडीच्या भाड्यावर आपण वाढलो तिच्यात बाप कसा निजत होता, हे त्या मुलाला बाविसाव्या वर्षी, गाडी चोवीसपट लहान केल्यावर कळले. आणि आम्हांस, जे त्या घरी सणावारी जेवत आलो, ते त्याच्यामुळे कळले. निरुपयोगी म्हणून ज्या कामाला आम्ही नावे ठेवली त्याचा हा उपयोग होता.

येथे गणितातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लांबी चोवीसपट लहान केली तर वजन चोवीसपट कमी होत नाही; घनफळाच्या हिशेबाने ते १३,८२४ पट कमी होते. म्हणजे मालासकट सोळा टनांचा ट्रक सर्वच बाबतींत तंतोतंत लहान केला तर तो जेमतेम सव्वा किलोच्या आत बसेल. लहान करताना पहिल्यांदा नाहीसे होते ते ओझेच. आकार राहतो, रंग राहतो, भार जातो. म्हणून प्रतिकृती पाहणाऱ्याला ट्रक नेहमी हलका वाटतो. आणि काही गोष्टी अशा आहेत की त्यांना प्रमाणच लागू पडत नाही. जागरण एकास चोवीस होत नाही. घाटातली भीती एकास चोवीस होत नाही. पहाटेच्या बाजाराला गाडी पोहोचली नाही तर बुडणारा भाव, घरी तापाने फणफणलेले लेकरू, ह्यांची मापे टेपने निघत नाहीत. हे ज्याच्या ध्यानात राहते तो छंदी माणूस वस्तूवर प्रेम करता करता माणसापर्यंत पोहोचतो. ज्याच्या ध्यानात राहत नाही तो वस्तूपाशीच थांबतो. त्याचे ट्रक दिवसेंदिवस सुंदर होत जातात आणि त्यांच्या केबिनी रिकाम्या राहतात.

पण रिकाम्या केबिनीचा दोष एकट्या छंदी माणसावर कशाला? आपण सारेच दुरून पाहणारे आहोत, आणि दुरून पाहिले की खरा ट्रकही लहान दिसतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव आभाळाला भिडले तेव्हा नारायणगावच्या बाजाराचे नाव देशभर झाले. शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले ह्याचा आनंदच आहे. त्या दिवसांत भावाची चर्चा घरोघर झाली. तो माल रातोरात शहरात नेणाऱ्याला त्या रात्री झोप मिळाली काय, अशी चर्चा आमच्या तरी कानांवर आली नाही. मोठ्या मालवाहू गाड्यांमध्ये चालकाच्या केबिनला वातानुकूलन असावे, हा नियम आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या गाड्यांसाठी लागू झाला. दाजींनी सत्तावीस उन्हाळे इंजिनाच्या उष्णतेला मांडी लावून काढले, आणि त्यांच्यासारखे अजूनही जुन्या गाड्यांतून काढीत आहेत. आपल्या भाजीच्या पिशवीत ते उन्हाळे असतात. पिशवीला मात्र त्यांचे वजन लागत नाही.

आता गोठ्याविषयी. १२२३ साली ग्रेच्यो ह्या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळची रात्र साजरी केली तेव्हा तेथे मातीच्या मूर्ती नव्हत्या. गवताने भरलेली खरी गव्हाण होती आणि खरे बैल व गाढव होते. बेथलेहेममध्ये त्या बाळाला काय सोसावे लागले ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, ही त्याची तळमळ होती. आज आपण गोठा उभारतो तेव्हा काय करतो? चंदेरी झिरमिळ्या लावतो, रंगीत दिव्यांची माळ सोडतो, कापसाचा बर्फ पसरतो. शेणाचा वास नाही, थंडी नाही, जागा न मिळालेल्या जोडप्याच्या चेहऱ्यावरची भीती नाही. भाच्याने एक पोचा पुसला. आपण दर वर्षी अख्ख्या गोठ्यातले सारे पोचे पुसत आलो आहोत, आणि त्याबद्दल आजवर आपल्याला कोणी जाब विचारला नाही. सजावट वाईट असे आमचे म्हणणे नाही. ती आनंदाची भाषा आहे. पण तिच्याखाली गव्हाण जनावरांची होती, एवढे तरी दिसत राहावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्यो गावी गोठ्याविषयी एक पत्र प्रसृत केले. शुभवर्तमानात ज्यांचा उल्लेख नाही अशी रोजच्या जीवनातली, कामकरी माणसे लहान मुले आणि मोठेही गोठ्यात मांडतात, त्याचे त्यांनी त्या पत्रात स्वागत केले आहे. ते आठवून आम्ही भाच्याला म्हटले, "ह्या वर्षी तुझा ट्रक आमच्या गोठ्याला दे." तो चपापला. मग चोवीस तारखेला संध्याकाळी वडिलांना घेऊन तो आमच्या घरी आला. मेंढपाळांच्या मागे, जेथे आम्ही कागदी डोंगराचा घाट केला होता, तेथे त्याने गाडी उभी केली.

आम्ही स्वतःही पालक आहोत, आणि मुलांना वेळेचा हिशेब विचारणे ह्यापुढेही सोडणार नाही. मात्र विचारण्यापूर्वी ते काय करीत आहेत ते जवळ बसून, वाकून, दोन्ही बाजूंनी पाहू, एवढा निश्चय आम्ही केला आहे. वाचकांच्या घरी कोणी असा तासन्‌तास एखाद्या वस्तूशी झटत बसला असेल, तर त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात असे आम्हांस वाटते: ह्यात तू कोणाचे घेत तर नाहीस ना? आणि ह्यात तू काय गाळलेस?

ट्रक ठेवताना आम्ही तो सहज वळवून त्याची चांगली बाजू पुढे केली होती. दाजी काही बोलले नाहीत. भाच्याने मात्र पुढे होऊन गाडी उचलली आणि पोच्याची बाजू गव्हाणीकडे करून पुन्हा खाली ठेवली.